तंबाखूवरचा निळा केवडा: ओळख, रोपवाटिकेची शिस्त आणि फवारणीचे गणित

तंबाखूच्या रोपवाटिकेत दव असतानाच जा आणि पान उलटून पाहा. निळ्या केवड्याची निळसर-राखाडी मऊ लव दिसते ती याच वेळी. ऊन चढून पाने कोरडी झाली की बीजाणू वाऱ्यावर निघून जातात आणि मागे उरतो नुसता पिवळा डाग. तसा डाग इतर डझनभर कारणांनी पडू शकतो. रोज दुपारी फेरी मारणाऱ्याला हा रोग आठवडाभर उशिरा कळतो, आणि तेवढ्या आठवड्यात रोगाची एक पिढी पूर्ण होऊन दुसरी सुरू झालेली असते. म्हणून पाहण्याची वेळ पाळणे ही पहिली गोष्ट. औषधाचा विचार त्यानंतर.

हा रोग पेरोनोस्पोरा टॅबॅसिना या जीवामुळे होतो. निळी बुरशी म्हणून तो ओळखला जातो, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. ऊमायसीट गटातला हा जीव नात्याने शैवालाला जवळचा आहे आणि त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: करपा, टिक्का किंवा भुरीसाठी ठेवलेले कार्बेन्डाझिम आणि हेक्साकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल यांसारखी ट्रायझोल औषधे इथे काम करत नाहीत. फवारणी झाली म्हणून आपण निर्धास्त राहतो, रोग मात्र पुढे सरकत असतो. द्राक्षावरचा केवडा किंवा काकडीवर्गीय पिकांवरचा केवडा यांना लागू पडणारे औषधांचे गटच इथे चालतात.

दुसरी गोष्ट, हा जीव फक्त जिवंत ऊतीवर जगतो. वाळलेल्या पानावर किंवा कुजलेल्या पाल्यावर तो वाढत नाही. पण मरणाऱ्या पानांच्या आत त्याचे जाड कवचाचे, लालसर-तपकिरी विश्रामी बीजाणू तयार होऊ शकतात. काही प्रदेशांत पुढच्या हंगामाची लागण त्यांच्यापासून होते. बाकी ठिकाणी रोग टिकतो तो जिवंत तंबाखूवर आणि त्याच्या रानटी भावंडांवर: झाडासारखी वाढणारी निकोटियाना ग्लॉका, टेक्सासच्या रानातली निकोटियाना रेपांडा. बागेतला सुवासिक शोभेचा तंबाखू, म्हणजे निकोटियाना अलाटा, यालाही हा रोग होतो. टोमॅटो, मिरची आणि वांग्याच्या कोवळ्या रोपांवर तो अधूनमधून सापडतो, पण तिथे सहसा पसरत नाही.

रोगाचे घड्याळ

फवारणी कधी करायची हे कळायला आधी रोगाचा दिनक्रम कळला पाहिजे. बीजाणू पानावर पडला आणि पान दोन ते चार तास ओले राहिले, की तो थेट अंकुर काढून पानात शिरतो. दव, रिमझिम, तुषार सिंचन, पाणी कुठूनही आलेले चालते. त्यानंतर पाच ते सात दिवस बाहेर काहीच दिसत नाही. मग पिवळा डाग उमटतो. पुढच्या दमट रात्री त्या डागाच्या खालच्या बाजूने, पर्णरंध्रांतून, फांद्या फुटलेले सूक्ष्म दांडे बाहेर येतात आणि त्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराचे बीजाणू धरतात. यासाठी अंधार लागतो, हवेतील आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर निदान तीन तास लागते आणि तापमान साधारण १५ ते २३ अंश सेल्सिअस लागते. चांगल्या पोसलेल्या एका चौरस सेंटिमीटर डागावर दहा लाखांपर्यंत बीजाणू तयार होऊ शकतात.

सकाळी ऊन चढून हवा कोरडी होऊ लागली की दांडे पिळवटतात आणि बीजाणू सुटतात. साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान हवेत त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते. स्वच्छ, कडक ऊन त्यांना मारते. ढगाळ, गार हवेत मात्र ते जिवंत राहून लांबवर जातात. म्हणून ढगाळ सकाळ, त्यात वारा, आणि संध्याकाळी पाऊस असा दिवस आला की लागण झाली असे धरून चाला. डाग दिसायला अजून आठवडा आहे, पण संरक्षण तेव्हाच पानावर असायला हवे होते.

तापमान ३० अंशांच्या वर गेले की नवे बीजाणू धरणे जवळपास थांबते. डाग वाळतात, कागदासारखे तपकिरी होतात आणि रोग गेला असे वाटते. इथे फार जण फसतात. पानाच्या आणि खोडाच्या आत रोग जिवंत असतो. चार गार, दमट रात्री मिळाल्या की तो परत लव काढतो. गरम हवेत फवारणीचे अंतर वाढवता येते, पण पाहणी सोडायची नाही.

कसा ओळखायचा

वाफ्यात सुरुवात बहुतेक वेळा गोल पट्ट्याने होते. एखाद्या ठिकाणची रोपे जरा पिवळी, जरा उभट पानांची दिसतात आणि हा पट्टा दिवसागणिक कडेने वाढतो. रोपे अगदी लहान असतील तर पाने उभी राहतात आणि दोन-तीन दिवसांत रोप बसते. थोड्या मोठ्या रोपांची पाने वाटीसारखी वळतात किंवा पिळवटतात, त्यामुळे खालची निळसर लव वरूनच दिसू लागते. रोग खूप वाढला की वाफ्याला कुजका वास येतो आणि पाने भाजल्यासारखी दिसतात. त्या अवस्थेत त्या पट्ट्यातले काही वाचत नाही.

शेतात पानावर गोलसर पिवळे डाग पडतात, एकेकटे किंवा पुंजक्याने, सेंटिमीटरपासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंत. आधी खालच्या, सावलीतल्या पानांवर पाहा. डाग एकमेकांत मिसळले की मधला भाग तपकिरी होऊन फाटतो, आणि वाढते पान असेल तर ते चुरगळते.

तिसरे रूप सर्वांत वाईट: रोग शिरांतून खोडात उतरतो. असे झाड खुजे राहते, पाने अरुंद आणि ठिपकेदार होतात, कधी पानाची एकच बाजू आखडते. खोड उभे चिरले तर सालीच्या आत तपकिरी रेघा दिसतात. जोराचा वारा आला की ते झाड त्या जागी मोडते. अशा झाडावर औषधाचा खर्च करू नका. ते उपटून काढा.

खात्री करायची सोपी रीत अशी. संशय असलेली, ताजा पिवळा डाग असलेली तीन-चार पाने घ्या. वाळलेला तपकिरी डाग घेऊ नका, त्यातून काही येणार नाही. टिश्यू पेपर ओला करून घट्ट पिळा, तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, त्यावर पाने खालची बाजू वर करून एकमेकांना न चिकटता मांडा, पिशवीत थोडी हवा भरून तोंड बांधा आणि रात्रभर अंधारात १५ ते २० अंशांत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे तापमान फार उतरते. गरम खोलीतही ठेवू नका. सकाळी पिशवी उघडल्याबरोबर दहा पटीच्या भिंगातून पाहा. केवडा असेल तर पिवळ्या डागाच्या खालीच, आणि तिथेच, बारीक उभ्या दांड्यांची राखाडी-निळसर लव दिसते. मेलेल्या भागावर दोन्ही बाजूंनी कापसासारखी वाढ झाली असेल तर ती दुसरी कुठली तरी बुरशी समजा. आदल्या दोन-तीन दिवसांत औषध फवारले असेल तर रोग असूनही लव येत नाही, म्हणून नमुना फवारणीच्या आधी घ्या.

सूक्ष्मदर्शक असेल तर पारदर्शक चिकटपट्टी लव असलेल्या जागी हलकेच टेकवा, काचेवरच्या पाण्याच्या थेंबावर ती चिकटवा आणि १०० ते २०० पट मोठे करून पाहा. दर टप्प्याला दोन-दोन फांद्या फुटलेला दांडा, त्याची टोके किंचित वाकलेली आणि भोवती लिंबाकृती, रंगहीन बीजाणू. हे चित्र दिसले की शंका उरत नाही.

ज्यांच्याशी गल्लत होते तेही माहीत असावे. भुरी पानाच्या वरच्या बाजूला पांढऱ्या पिठासारखी असते, बोटाने पुसली जाते आणि कोरड्या हवेतही वाढते. बेडूकडोळा ठिपक्यात मध्यभाग राखाडी आणि कड गडद असते. रायझोक्टोनिया या बुरशीचे लक्ष्य-ठिपके वलयांकित असतात आणि मधला भाग गळून भोक पडते. ओझोनमुळे पडणारे पांढुरके बारीक डाग तयार पानांच्या वरच्या बाजूला एकदम सगळीकडे दिसतात, खाली लव कधीच नसते. थंडीचा फटका बसलेल्या रोपाचा शेंडा पिवळा होतो, पाने वर वळतात, पण नवी पाने चांगली निघतात. केवड्यात नव्या पानांवरही डाग येत राहतात.

रोपवाटिका

या रोगाचे व्यवस्थापन म्हणजे सत्तर टक्के रोपवाटिका, असे कोणी म्हटले तर आकड्यावर वाद घालता येईल, मुद्द्यावर नाही. दाट रोपे, बंद हवा, सतत ओली पाने आणि सौम्य तापमान: रोगाला जे हवे ते सगळे इथे एकत्र असते. शिवाय इथून निघालेले एक लागण झालेले रोप थेट शेताच्या मध्यावर जाऊन बसते. वाऱ्याने आलेला बीजाणू निदान कडेपासून सुरुवात करतो.

रोपे दूरच्या, रोग असलेल्या भागातून आणू नका. आठवडाभर लक्षण न दाखवणारी लागण असते हे वर आलेच आहे. रोप हिरवेगार दिसते आणि गाडीतून रोग घेऊन येते. स्वतःची रोपे करता आली तर उत्तम. विकत घ्यायचीच असतील तर जवळची घ्या, उचलण्याच्या दिवशी सकाळी पाने उलटून पाहा, आणि आणल्यावर पाच-सात दिवस वेगळी ठेवून मग लावा.

मागच्या हंगामातला एकही जिवंत तंबाखू रोपवाटिकेच्या आसपास असता कामा नये. कडेला उगवलेले आपसूक रोप, शोभेच्या कुंड्या, बीसाठी ठेवलेले झाड, सगळे बी पेरण्याआधी काढा. ट्रे परत वापरत असाल तर आधी घासून माती आणि मुळांचे तुकडे काढा, मग ७० ते ८० अंशांच्या वाफेत ३० मिनिटे ठेवा. वाफेची सोय नसेल तर १ भाग घरगुती ब्लीच आणि ९ भाग पाणी या द्रावणात बुडवून काढा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच राहिले तर कोवळी मुळे भाजतात. ट्रे धुण्याचा मोठा फायदा पिथियम (मुळे कुजवणारा जीव) आणि रायझोक्टोनियाविरुद्ध होतो. केवड्याचे हवेतले बीजाणू नाजूक असतात, पण स्वच्छ सुरुवात सगळ्यांसाठीच चांगली.

खरा इलाज हवेशीरपणा आहे. पाणी सकाळी लवकर द्या, म्हणजे पाने लवकर सुकतील. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पानावर राहते आणि तेच रोगाला हवे असते. शेड किंवा पॉलिहाऊस असेल तर सूर्य मावळण्याआधी बाजू थोडा वेळ उघडून आतली दमट हवा बाहेर काढा, मग थंडीपुरते बंद करा. पंखे असतील तर ते रात्रीही हळू फिरत ठेवा. छतावरून थेंब पडत असतील तर ते थेंब पडणारी जागा रोज पहिल्यांदा तपासा, बहुतेक वेळा पहिला पट्टा तिथेच सापडतो. पाण्यावर तरंगत्या ट्रेच्या पद्धतीत पान कोरडे ठेवणे तुलनेने सोपे जाते, पण रोपे वाढून पाने एकमेकांवर आली की खालचा थर दिवसभर ओला राहतो. अशा वेळी शेंडे छाटणे उपयोगी पडते. छाटलेले तुकडे वाफ्यात पडू देऊ नका, आणि छाटणीचे पाते दर वाफ्यानंतर पुसून निर्जंतुक करा.

नत्राचा मारा टाळा. लुसलुशीत, गडद हिरवे, दाट रोप दिसायला छान असते, पण त्याच्या पानांच्या मधून हवा फिरत नाही आणि पान मऊ राहते.

संरक्षक फवारणी रोपवाटिकेत मॅन्कोझेबची. प्रमाण लिटरला ०.६ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ९ ग्रॅम (७५ टक्के दाणेदार उत्पादन धरून). रोपाची पाने साधारण पावणेदोन सेंटिमीटर रुंद होईपर्यंत फवारू नका. त्याआधी रोप भाजते. १०० चौरस मीटरच्या वाफ्याला लहान रोपांसाठी सुमारे १२ लिटर द्रावण पुरते, रोपे लावणीला आली की ४५ लिटरपर्यंत लागते. इथे लोक प्रमाण वाढवतात आणि पाणी तेवढेच ठेवतात. ते उलटे आहे. द्रावण तेवढेच तीव्र ठेवा आणि पाणी वाढवा, कारण मॅन्कोझेब जिथे पडते तिथेच काम करते आणि रोग पानाच्या खालच्या बाजूनेही शिरतो. रोग जवळपास असल्याची खबर असेल तर दर पाच ते सात दिवसांनी फवारा, आणि वरून पाणी देण्याआधी औषध सुकू द्या.

लावणी संपली की उरलेली रोपे त्याच दिवशी नष्ट करा. नांगे (शेतात रोप मेल्याने पडलेल्या रिकाम्या जागा) भरायला म्हणून ट्रे महिनाभर कडेला पडून राहतात, कोणी त्यांच्यावर फवारत नाही, आणि आख्ख्या शिवाराला रोग पुरवणारे ठिकाण तयार होते. नांगे भरण्यासाठी ठेवायचीच असतील तर आठवड्याचा हिशेब धरा आणि तेवढे दिवस त्यांच्यावर फवारणी चालू ठेवा.

शेतात

जागा निवडताना सकाळचे ऊन लवकर पोहोचते का आणि दव लवकर उडते का, ते पाहा. उंच झाडांच्या सावलीत, ओढ्याच्या काठच्या खोलगट भागात किंवा डोंगराच्या सावलीत पान दोन-तीन तास जास्त ओले राहते. कमी ओलीच्या जागेत जी फवारणी पुरते ती तिथे पुरत नाही. सरी वाऱ्याच्या दिशेने काढता आल्या तर काढा. सिगारच्या वेष्टनाच्या पानासाठी कापडाच्या छताखाली घेतलेल्या पिकात आर्द्रता कायम जास्त असते, म्हणून अशा पिकाला शेजारच्या उघड्या पिकाआधी फवारणी लागते.

शेतातल्या फवारणीत औषधाइतकेच महत्त्व पोहोचण्याला आहे. झाड लहान असताना हेक्टरी २०० लिटर पाणी पुरते. झाड छातीला लागले की ९०० लिटरपर्यंत जावे लागते. सगळे नोझल वरून असतील तर शेंड्याची पाने न्हाऊन निघतात आणि खालची कोरडी राहतात, रोग मात्र खालूनच सुरू होतो. दोन ओळींच्या मध्ये खाली लोंबणारे नळ लावून त्यांच्या टोकाला पोकळ शंकूचे नोझल आडवे-वर तोंड करून बसवा. फवारणी झाल्यावर मधल्या थराच्या पानाखाली पाण्याला संवेदनशील पिवळा कागद टाचणीने लावून पाहा: निळे ठिपके पडले नाहीत, तर औषध कितीही चांगले असले तरी तिथे ते नाही.

शेंडा खुडला आणि खालची पाने काढली की पिकात हवा खेळते आणि रोगाचा वेग कमी होतो. पण त्याच वेळी कोवळे फुटवे येतात, आणि खोडात रोग असलेल्या झाडाचे फुटवे लवेने भरून निघतात. फुटव्यांचे नियंत्रण वेळेवर करा.

औषधे आणि त्यांचे गट

लेबलवर तंबाखू आणि हा रोग दोन्ही लिहिलेले असेल तेच औषध वापरा, काढणीपूर्व थांबण्याचा काळ पाळा. पान जळून धुरातून शरीरात जाते, त्यामुळे औषधाच्या अंशांची तपासणी कडक असते. मॅन्कोझेबसारखी औषधे काढणीच्या जवळ नकोतच.

डायमिथोमॉर्फ आणि मॅन्डीप्रोपामिड ही दोन्ही पानात थोडी शिरतात आणि केवड्यावर चांगली आहेत. पण औषध रोगावर कसे काम करते त्यानुसार पाडलेल्या गटांत दोघांचा गट एकच आहे, क्रमांक ४०. एकदा हे, एकदा ते असे फवारणे म्हणजे औषध बदलणे नव्हे. ॲझॉक्सिस्ट्रॉबिन गट ११ मधले आहे, त्यामुळे ४० नंबरच्या गटाशी आलटून-पालटून चालते. मात्र ते ईसी स्वरूपातल्या, तेलकट द्रावकाच्या कीटकनाशकात मिसळू नका, पान भाजते. वर सांगितलेले ओझोनचे पांढुरके डागही त्याने वाढू शकतात. ऑक्झाथियापिप्रोलिन गट ४९ मधले आहे आणि अगदी कमी प्रमाणात काम करते. म्हणूनच ते एकटे पुन्हापुन्हा वापरून वाया घालवू नये. फोसेटिल ॲल्युमिनियम झाडात वर-खाली दोन्हीकडे फिरते. ते तांब्याच्या औषधाबरोबर किंवा त्यावर लगेच दिले तर द्रावण आम्लधर्मी असल्याने तांबे जास्त विरघळते आणि पाने करपतात.

ॲसिबेन्झोलारचा प्रकार वेगळा. ते रोगाला मारत नाही, झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करते. त्याला चार-पाच दिवस लागतात, म्हणून ते रोग येण्याआधी द्यायचे. ५० टक्के दाणेदार उत्पादनाचे प्रमाण हेक्टरी फक्त ३५ ग्रॅम आहे, अंतर १० दिवस, आणि जास्तीत जास्त तीन वेळा. बर्ली (हवेत सुकवल्या जाणाऱ्या) प्रकारात झाड ३० सेंटिमीटर आणि फ्ल्यू-क्युअर्ड (भट्टीच्या उष्णतेने सुकवल्या जाणाऱ्या) प्रकारात ४५ सेंटिमीटर उंच झाल्यावर द्या. लहान रोपांवर दिले तर वाढ खुंटते आणि पाने पिवळी पडतात. जवळ रोग आलेलाच असेल तर पहिल्या वेळी सोबत थेट मारणारे औषधही द्यावे लागते, कारण मधले चार-पाच दिवस झाड उघडे असते.

मेटॅलॅक्झिलची कथा इथे सांगायलाच हवी, कारण तीच चूक आजही होऊ शकते. १९७९ मध्ये उत्तर अमेरिकेत आणि १९७९-८० च्या हंगामात क्युबात या रोगाची भयानक साथ आली. क्युबाचे त्या हंगामातले बहुतेक पीक गेले. त्याच सुमारास मेटॅलॅक्झिल हाती आले. मातीत दिले की मुळांतून चढून झाडाला वाचवणारे, इतके प्रभावी की लोकांनी बाकी सगळे सोडून दिले. ८० च्या दशकातच मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत त्याला न जुमानणारे रोगाचे वाण निघाले, आणि पुढे ते वाऱ्याबरोबर अमेरिकेत उत्तरेकडे पसरले. ज्या भागात असे वाण आहेत तिथे मेटॅलॅक्झिल किंवा त्याचेच जवळचे रूप असलेल्या मेफेनॉक्झॅमचा केवड्यावर भरवसा धरू नका. काळ्या खोडकुजीसाठी ते उपयोगी पडते, पण तो वेगळा रोग आहे.

जुन्या पुस्तकांत १९३० च्या दशकातली ऑस्ट्रेलियन पद्धत सापडते: रात्री वाफे झाकून बेन्झॉलची वाफ देणे. त्या काळात तिने रोपे वाचवली हे खरे. बेन्झॉलने कर्करोग होतो, ही पद्धत आज कोणीही करू नये.

रोग सापडला, आता काय

पहिला पट्टा वाफ्यात सापडला तर तो तसाच उघडा हलवू नका. हलवले की बीजाणू उडतात. आधी वरून प्लास्टिक अंथरून झाकून घ्या, मग पट्टा आणि त्याभोवतीची निदान अर्धा मीटर निरोगी दिसणारी रोपे काढून पिशवीत बंद करा किंवा खोल पुरा. उरलेल्या सगळ्या रोपवाटिकेवर त्याच दिवशी फवारणी करा. संरक्षक औषधासोबत पानात शिरणारे औषध त्याच पिकाला मान्य असेल तर दोन्ही द्या. हात, चाकू, कपडे धुऊन मग दुसऱ्या वाफ्यात जा. पट्टे दोन-तीन ठिकाणी निघाले असतील तर सगळी रोपे नष्ट करण्याचा निर्णय लवकर घ्या. वाईट वाटते, पण अशी रोपे शेतात नेण्यापेक्षा उशिरा लावलेले निरोगी पीक परवडते. शेजाऱ्यांना आणि कृषी खात्याला कळवा. हा रोग बांध पाहत नाही.

तो किती लांब जातो याचा अंदाज युरोपच्या अनुभवावरून येतो. १९५८ मध्ये तो इंग्लंडमध्ये संशोधनाच्या झाडांवर दिसला, १९५९ मध्ये नेदरलँड्स आणि जर्मनीत पोहोचला, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत जवळजवळ सारा युरोप ओलांडून उत्तर आफ्रिकेपर्यंत गेला. त्यानंतर कोरेस्टा या तंबाखू संशोधन संघटनेने सूचना-जाळे उभे केले. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातून वाऱ्याच्या मार्गावरून बीजाणू कुठे पोहोचतील याचे अंदाज दिले जाऊ लागले. त्यांच्या मुळाशी एकच माहिती असते: कोणीतरी, कुठेतरी, पहिला डाग वेळेवर कळवला.

शेतात रोग सापडला तर झाडाच्या वयावर निर्णय ठरतो. लावणीनंतर पहिल्या चार-पाच आठवड्यांत सापडला तर फवारणीचे अंतर ५ ते ७ दिवसांवर आणा आणि खोडात उतरलेली झाडे काढा. काढणी जवळ आली असेल आणि हवा गरम होत असेल तर खालची तयार पाने लवकर काढून घ्या. डाग पडलेल्या पानाला औषध पूर्ववत करू शकत नाही, फवारणी फक्त वरची पाने वाचवते. जोराचा पाऊस पडून औषध धुऊन गेले असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता पान वाळताच पुन्हा फवारा.

जात निवडायची संधी पुढच्या हंगामात मिळते. निकोटियाना डेबनेयी या रानटी प्रजातीतून आलेली प्रतिकारशक्ती काही वाणांत उतरवली आहे. बर्लीत एनसी २०००, सिगारच्या तंबाखूत क्युबाचा हबाना २०००. ही प्रतिकारशक्ती अंशतः असते आणि कोवळ्या रोपात कमी दिसते. म्हणून वाफ्यातली शिस्त अशा वाणालाही लागते, शेतातल्या फवारण्या मात्र कमी होतात.

शेवटची काढणी झाली की आठवड्याच्या आत खोडक्या तोडून मुळांसकट उलथवा आणि जमिनीत गाडा. उभी राहिलेली खोडकी फुटते, त्या फुटव्यावर रोग थंडी संपेपर्यंत जगू शकतो. कडाक्याची थंडी नसलेल्या भागात हे काम कधीच पुढे ढकलू नका. बीसाठी झाडे ठेवली असतील तर ती रोपवाटिकेपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असू द्या, आणि नवे बी उगवण्याआधी ती काढून टाका.